बाखवाडीचा पहिला साक्षीदार

पोस्टरवरच्या चेटकिणीचं नाक हिरवं होतं, हातात केरसुणी होती, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मध्ययुगातला थरार!' केतकी इंगवलेचं डोकंच फिरलं.

"कुणी लिहिलंय हे? मगदूम, इकडं ये आधी. हे मध्ययुग कुठलं रे?"

अभिनंदन मगदूम हातातला चहा सांभाळत आला आणि पोस्टर बघून आधी हसला. अवघड काही बोलायचं असलं की हा माणूस आधी हसायचा, कॉलेजपासूनची खोड. "अगं, मध्ययुग म्हटलं की गिऱ्हाइकाला किल्ला, धुकं, वटवाघळं सगळं एका दमात दिसतं. 'सतराव्या शतकाचा पूर्वार्ध' म्हटलं की त्याला दहावीचा पेपर आठवतो."

"आठवू दे की! मध्ययुगात कितीतरी धर्मगुरू उलट सांगत होते, की बाई हवेत उडते असं मानणं हाच मूर्खपणा. जाळपोळीचा खरा वणवा नंतर पेटला. छापखाने आल्यावर, विद्यापीठं गजबजल्यावर. बायकांना जाळणारे अडाणी नव्हते बाबा, कायद्याच्या पदव्या घेतलेले होते."

"म्हणजे तुझ्यासारखे," मगदूम म्हणाला आणि त्यानं पाठीत एक धपाटा खाल्ला. चहा सांडला तो सांडलाच.

पोस्टर बदललं. नाक गोरं झालं, मध्ययुग गेलं. केरसुणी मात्र राहिली, कारण मालकीणबाई ऋतुजा शिर्के यांना ती आवडली होती, आणि मालकांच्या आवडीपुढं इतिहासाचं काही चालत नाही, हे इतिहासानंच वेळोवेळी दाखवून दिलेलं आहे.

कोल्हापूरजवळ शिरोलीला लोखंड ओतायच्या एका बंद पडलेल्या फौंड्रीत हा 'अष्टकोन' स्टुडिओ होता. भिंतींवरची जुनी काजळी तशीच ठेवली होती, ऋतुजाबाई पाहुण्यांना ती मुद्दाम दाखवायच्या. तिथं कॉम्प्युटरवरचा एक खेळ तयार होत होता. पडके मठ, रक्त पिणारे सरदार, भुतंखेतं, सगळा मसाला. खेळातलं गाव जर्मनीतलं, नाव ग्राउएनबाख. जीभ अडखळायची म्हणून सगळे त्याला बाखवाडी म्हणत. भुतं खोटी असली तरी चालतील, पण बाखवाडीत उभा राहणारा चेटकिणीचा खटला अस्सल वाटला पाहिजे, असा मालकीणबाईंचा हट्ट होता, आणि त्यासाठीच केतकीला आणलं होतं. जुन्या जर्मन खटल्यांची कागदपत्रं वाचण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. तिकडचं विद्यापीठ सोडून ती परत आली ती मगदूमच्या एका फोनवर. "इंगवले, तुझं ज्ञान तिथं कपाटात कुजतंय. इकडं ये, मी त्याला हातपाय देतो," म्हणाला होता तो. दुसऱ्या कुणी बोलावलं असतं तर ती आली नसती.

हातपाय देणारं यंत्र मगदूमनं बनवलं होतं. त्यातून माणसाची जी छाप निघायची तिला सगळे 'ठसा' म्हणत.

तोवर खेळांमधली गावकरी मंडळी म्हणजे निव्वळ बुजगावणी. बोलायला जावं तर पढवलेली चार वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायची. मगदूमनं खऱ्या माणसांच्या कपाळाला एक पातळ पट्टी बांधली. माणूस काय बोलतो याच्याशी त्या पट्टीला कर्तव्य नव्हतं. बोलताना तो कुठं अडखळतो, कशानं नाडी वाढते, कुणाचं नाव निघालं की आवाज मऊ होतो, लाज वाटली की चिडतो की गप्प बसतो, ते ती टिपायची. काही महिन्यांत यंत्राकडं त्या माणसाचा कल तयार. आठवणी नाहीत, वाक्यं नाहीत, नुसता कल. फौंड्रीतल्या वाळूच्या साच्यात वस्तू कुठं असते? वस्तूची पोकळी असते, आणि ओताल ते त्या आकाराचं निघतं. तसंच हे. तो कल बाखवाडीच्या एखाद्या गिरणीवाल्यात, सुईणीत, पाद्र्यात ओतायचा. चेहरा वेगळा, शतक वेगळं, पण घाबरण्याची आणि मोडण्याची तऱ्हा त्याच माणसाची.

स्टुडिओतल्या सगळ्यांनी राजीखुशीनं ठसे दिले. कुणाचा ठसा कुठल्या पात्रात गेला हे गुपित होतं. गुपित कसलं डोंबलाचं! बाखवाडीचा पाद्री प्रवचनाआधी तीनदा खाकरला आणि सगळा स्टुडिओ हिशेबनीसांकडं बघून हसत सुटला.

गाव आपलं आपण जगायला लागलं. दूध नासायचं, लग्नं जुळायची, उसनंपासनं चालायचं. पण सगळे एकमेकांशी फार गोड बोलत. कपाळाला पट्टी बांधली की माणूस सावरून बसतो, त्याला कोण काय करणार? एका बैठकीत केतकी वैतागून म्हणाली, "अरे, ऑफिसात कोण खरं बोलतं? माणूस खरं बोलतो ते डबा खाताना."

ते खोटं नव्हतं. अष्टकोनमध्ये दुपारी सगळे साचे ठेवायच्या जुन्या लोखंडी टेबलाभोवती डबे उघडून बसत, पट्ट्या काढून ठेवत. सासू, नवऱ्याचं पिणं, बहिणीचं मोडलेलं लग्न, सगळं तिथं भाजीभाकरीबरोबर निघायचं. मगदूम आधी हसला, मग म्हणाला, "डब्यावरचं बोलणं घरातलं असतं, इंगवले. तिथं माइक लावणं बरं नव्हे."

"मी कुठं माइक लाव म्हटलं?"

"पण कल्पना छान आहे," ऋतुजाबाई म्हणाल्या. एवढंच बोलणं झालं. माइक लागला. लावला मगदूमनंच, आणि त्या आठवडाभर तो आपला डबा घेऊन एकटा गच्चीवर जेवला. केतकीनं ते बघितलं, पण गावातली माणसं एकदम जिवंत झाली होती, एकमेकांना टोचून बोलायला लागली होती, त्या आनंदात ती त्याला काही विचारायला गेली नाही.

आता राहिला खटला. चेटकीण कशी ठरते, याचा केतकीचा एक लाडका नियम होता. इंग्लंडातल्या खेड्यांचे जुने खटले वाचून अभ्यासकांनी तो मांडला होता, आणि तिनं तो बाखवाडीला लावला. म्हातारी दारात येते, वाटीभर दूध मागते. घरधनी नाही म्हणतो, दार लावतो. पण ते नाही म्हटलेलं त्याच्या मनात टोचत राहतं. पुढं वासरू मेलं की तेच टोचणं उलटं फिरतं. 'तिला माझा राग असणारच. तिनंच केलं!' आपल्याकडं करणीचा आळ घेणारी माणसं तरी परकी कुठं असतात? ज्याला आपण दुखावलं, त्याचीच आपल्याला भीती वाटते. केतकीनं हे मगदूमला समजावलं, मगदूमनं यंत्राला. गारपीट झाली, गुरं मेली, की ज्याच्या मनात ज्याच्याबद्दल टोचणी जास्त, त्याचा संशय त्याच्यावर.

आणि मग एका दुपारी, सगळ्यांना गोळा करून, बाखवाडीवर पहिली गारपीट पाडली.

मोठ्या पडद्यावर शेतं झोडपली गेली. गुरं मेली. कुजबुज सुरू झाली, आणि चार घरं फिरून ती बार्बरा नावाच्या सुईणीच्या दारात येऊन थांबली. तिला बांधून आणलं. न्यायाधीशानं आरोप वाचला, आणि बार्बरानं हात बांधलेले असताना त्याची चुकलेली तारीख दुरुस्त केली.

स्टुडिओ खदाखदा हसला. "इंगवलेबाई, ही तुम्हीच!" कुणीतरी ओरडलं. केतकीही हसली. आपण तशाच आहोत, हे तिला ठाऊक होतं.

मग न्यायाधीशानं विचारलं, "पहिला साक्षीदार कोण?"

गिरणीवाला हान्स उठला. त्यानं टोपी काढली. आणि बोलायच्या आधी तो हसला.

केतकीचं हसू जागच्या जागी गोठलं. ते हसणं ती पंचवीस वर्षं बघत आली होती. हान्स म्हणाला, "साहेब, ही बाई माझ्या वासराकडं बघत उभी होती. हिनं माझ्या घरची भाकरी खाल्लेली आहे, म्हणून सांगायला जड जातं. पण हिनंच केलं."

केतकी उठून बाहेर गेली. मागं काय चाललं ते तिनं बघितलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिला आश्चर्य वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं चाचणी विभागाच्या मुल्लाणीबाईंना गाठलं. गाव पुन्हा पुन्हा चालवून बघणं हे त्यांचं काम. "प्रत्येक वेळी तोच उठतो का हो पहिला?"

"कितीदाही गारा पाडा मॅडम, पहिला उठतो तो गिरणीवालाच. आणि बोट तुमच्यावरच... म्हणजे बार्बरावरच. पुढचं बघता का? पुढं तर—"

"नको," केतकी म्हणाली. आपल्या जिवलगानं आपल्यावर बोट ठेवल्यावर पुढं काय होतं, हे तिनं इतक्या कागदांत वाचलं होतं की पडद्यावर बघायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. आई आजारी होती तेव्हा केतकी जर्मनीत, प्रबंधाच्या शेवटच्या परीक्षेला. तिनं मगदूमला फोन केला होता. "थोडे दिवस आईला तुझ्याकडं ठेवशील? मी आलेच." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "घरात जागा नाही गं." आई हॉस्पिटलातच गेली, परक्या नर्सच्या हातात. केतकी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मगदूमनं खांदा दिला होता, सगळं निस्तरलं होतं, पण त्या फोनबद्दल पुढं कधी अवाक्षर काढलं नाही. आपण त्याला माफ केलं, असं केतकी धरून चालली होती. आता तिला वाटायला लागलं की माफ बिफ काही केलेलं नाही, आपण नुसतं झाकण लावलं होतं. हाच खरा मगदूम. पाहुणचाराला पुढं, अडचणीला मागं. मैत्रीची पंचवीस वर्षं एका बाजूला आणि कपाळावरची पट्टी एका बाजूला, आणि पट्टी खोटं बोलत नाही.

पट्टी खोटं बोलत नाही! छळ करून काढलेला कबुलीजबाब हा पुरावा नव्हे, असं ज्या बाईनं आयुष्यभर वर्गात घसा कोरडा करून सांगितलं, तिनं हे मनात म्हणावं? पण दुखावलेल्या माणसाला पुरावा लागत नाही, निमित्त लागतं.

मगदूमला काही ना काही जाणवलंच. दुपारी तो डबा घेऊन तिच्या टेबलाशी आला. "दोडक्याची भाजी आहे. चल की, जेवू."

"भूक नाही."

"काय झालंय तुला? आठ-दहा दिवस बघतोय, सरळ बोलत नाहीस."

"तुझं वासरू बरं आहे का?"

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तो हसला, आणि ते हसणं बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "हसू नकोस! तोही असंच हसला होता."

"अगं बाई, तो हान्स आहे. मी नव्हे."

"ठसा तुझाच आहे ना?"

"ठसा माझा आहे. पण ठशाचं काय होतं ते तू नीट... बस की जरा. ते कसं चालतं ते मी सांगतो तुला, आणि तुझ्या आईच्या वेळचं—"

"आईचं नाव काढू नकोस. आणि ते कसं चालतं ते मला नको सांगूस. नियम मी लिहिलेत."

तो डबा बंद करून गेला. तिनं त्याला थांबवलं नाही. आपण बरोबर केलं, असंच तिला वाटलं, आणि जेवण मात्र दिवसभर गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात स्टुडिओवर आभाळ कोसळलं. खेळाचा कच्चा नमुना काही निवडक लोकांना दिला होता. त्यात स्टुडिओतल्या एका चित्रकाराची बहीण होती. बाखवाडीतल्या बेकरीवालीशी ती बोलत बसली, आणि बेकरीवालीनं तिला तिच्याच मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगितली. शब्दन् शब्द. भावानं ती एकदाच, डबा खाताना, सांगितली होती. ठशांत वाक्यं शिरायला नको होती, पण माइकच्या वाटेनं ती शिरली होती. बहीण रडत घरी, भाऊ तडक सरकारी तक्रार कार्यालयात. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर शिरोलीची फौंड्री. खेळ विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीनं कळवलं, की आठवड्याच्या आत जबाबदार माणसाचं नाव द्या, नाहीतर करार रद्द. ज्याचं नाव जाईल त्याच्यावर खटला, आणि या धंद्यात त्याला पुन्हा कुणी उभं करणार नाही, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

ऋतुजाबाईंनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. जिथं पूर्वी भट्टी होती तिथं आता काचेची केबिन होती. केतकी आत गेली तेव्हा मगदूम बाहेर पडत होता. त्यानं तिच्याकडं बघितलं.

"बसा डॉक्टर. पट्टी बांधता का? वकिलांनी सांगितलंय, बोलणं मनापासून आहे याची नोंद राहते." ऋतुजाबाईंचा आवाज अगदी मऊ होता. "मगदूमांचं बोलून झालंय. ते काय म्हणाले ते मला सांगता येत नाही. तुम्ही तुमचं सांगा. डब्याच्या टेबलावर माइक, हे कुणाचं?"

"बैठकीत तुम्हीही होतात."

"मी होते. पण कंपनीला मालक नकोय, माणूस हवाय. एक नाव, डॉक्टर. एका नावानं बाकीची चाळीस घरं वाचतात. नाव आलं नाही तर मला पुढं विचारत बसावं लागेल, की ही कल्पना पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली."

केतकीला हा प्रश्न ओळखीचा होता. जर्मनीतल्या प्रत्येक खटल्यात तो येतोच. बाईचा कबुलीजबाब झाला की विचारायचे, 'चेटकिणींच्या नाचात तुला आणखी कोण दिसलं?' एका बाईकडून दुसरी, दुसरीकडून तिसरी, अशी साखळी गावंच्या गावं गिळायची. या एका प्रश्नावर तिनं अख्खं प्रकरण लिहिलं होतं. तो प्रश्न आता तिच्यासमोर, मऊ आवाजात, पाण्याच्या ग्लासाबरोबर ठेवलेला होता, आणि तिला तो दिसत होता. दिसत नव्हता असं नाही.

पण मगदूम आधी बोलून गेला होता ना! तो खुर्चीत बसला असेल, आधी हसला असेल, मग म्हणाला असेल, 'सांगायला जड जातं, पण...' केतकीला ते शब्द कानांनी ऐकू आले.

"माइक मगदूमनं लावला," ती म्हणाली.

"तुम्ही सुचवला होतात का?"

"नाही. माझा त्याच्याशी काही संबंध नाही."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरंही, वकिली खरं. तिसरं धडधडीत खोटं होतं. ऋतुजाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "थँक्यू, डॉक्टर. मगदूमांकडून काही म्हणजे काहीच निघालं नाही."

केतकीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि ती तशीच पट्टी बांधलेली बसून राहिली.

केतकी बाहेर आली तोवर मगदूमला नाव गेल्याचा निरोप पोचला होता, आणि तो गाडीत सामान ठेवत होता. ती धावत गेली ती त्याच्यापुढं उभी राहिली. तोच बोलला, आणि या वेळी आधी हसला नाही.

"मी म्हणालो, नाव देणार नाही. कुणाचंच. आपण दोघं गप्प राहिलो असतो तर ऋतुजाबाईंना स्वतःचं नाव लिहून द्यावं लागलं असतं. तू कशाला नाव घेतेस, असं वाटलं मला. ज्या बाईनं तो प्रश्न अख्ख्या जगाला समजावून सांगितला, ती कशाला फसते?"

"मला वाटलं तू माझं घेतलं असशील. पडद्यावर दर वेळी तूच—"

"तेच तुला सांगायला आलो होतो डबा घेऊन." त्यानं डिकी लावली. "जागा होती, इंगवले. तुझ्या आईला ठेवायला घरात जागा होती. बाबांचं दुखणं नुकतंच काढलं होतं आणि मला पुन्हा ते बघायची भीती वाटली, म्हणून खोटं बोललो. काकू गेल्या. तेव्हापासून एक दिवस असा गेला नाही की ते टोचलं नाही. सगळ्या स्टुडिओत इतकी टोचणी कुणाच्याच मनात कुणाबद्दल नसेल, जेवढी माझ्या मनात तुझ्याबद्दल आहे. यंत्राला ती सापडली. आणि टोचणीचं पुढं काय होतं, ते तू शिकवलंस त्याला. संशय होतो म्हणालीस. माझ्या बाबतीत तसं झालं नव्हतं. मी आपला तुला फोन करून इकडं बोलावून घेतलं होतं."

केतकी रडायला लागली. "मला सांगायचंस ना रे आधी."

"मी सांगायला हवं होतं, खरं आहे. पण तू एकदा विचारायचंस तरी. त्या हान्सचं ऐकलंस, मुल्लाणीबाईंना विचारलंस. मला नाही विचारलंस."

"मी आत जाऊन सांगते. डब्याचं ते वाक्य माझं होतं, मी सांगते त्यांना."

"सांग. पण आता तुझं नाव नको आहे त्यांना. त्यांना हवं होतं ते मिळालंय." तो गाडीत बसला. काच खाली करून काही बोलेल म्हणून ती थांबली. काच वर गेली आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

ती आत गेली आणि तिनं सांगितलं. ऋतुजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की नाव कंपनीला कळवून झालंय, दोन नावं दिली तर उगीच गोंधळ होईल. केतकीनं तक्रार कार्यालयात जाऊनही तेच सांगितलं. तिथल्या साहेबांनी तिच्याच आवाजातला तिचाच जबाब लावून दाखवला. माझा काही संबंध नाही. पट्टीचा आलेखही जोडला होता. मैत्रीखातर खोटं बोलू नका मॅडम, म्हणाले. मगदूमचा फोन लागत नव्हता, घरी गेली तर त्याच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, "ते कुणाशी बोलत नाहीत सध्या."

राजीनामा टाईप करून ती स्टुडिओत आली, तेव्हा मुल्लाणीबाई मोठ्या पडद्यासमोर बसल्या होत्या. खेळाचं काम थांबलं नव्हतंच, बेकरीवालीची वाक्यं पुसून पुढं चाललं होतं.

"बरं झालं आलात मॅडम. साखळीची अडचण सुटली एकदाची."

"कसली अडचण?"

"तुम्ही पुढचं कधी बघितलंच नाहीत ना? तुमची बार्बरा नावच घेत नव्हती हो. झोपू दिलं नाही, अंगठे पिळले, काय काय केलं. 'नाचात कोण दिसलं?' विचारलं की म्हणायची, 'कुणी नाही.' हान्स समोर उभा असायचा, त्याच्यावर बोट ठेवलं असतं तर छळ तरी थांबला असता. त्याच्याकडं बघायची आणि गप्प बसायची. दर वेळी. आम्ही बसून रडायचो इथं. पण खटला तिथंच संपायचा, साखळी पुढं जायचीच नाही, आणि तुम्हीच तर सांगितलं होतंत, साखळीशिवाय हे खरं नाही म्हणून. शेवटी ऋतुजाबाईंनी केबिनमधल्या त्या दिवसाची पट्टी आणि आवाज जुन्यात मिसळून तुमचा नवा ठसा पाठवला. तो घातला आणि बघा तुम्ही."

त्यांनी गारा पाडल्या. गुरं मेली. बार्बराला बांधून आणलं. गिरणीवाला उठला, हसला, बोलला, बसला. बार्बराला तळघरात नेलं. न्यायाधीशानं हत्यारं कोपऱ्यातच राहू दिली, तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि मऊ आवाजात विचारलं, "आणखी कोण होतं?"

"गिरणीवाला," बार्बरा म्हणाली. "माझा काही संबंध नाही."

पडद्यावर हान्सला धरून नेलं. हान्सनं कुणाचं तरी नाव घेतलं, त्यानं आणखी कुणाचं, आणि बाखवाडीच्या चौकात एकामागून एक लाकडं रचली जाऊ लागली.

"आता कसं अस्सल वाटतंय," मुल्लाणीबाई म्हणाल्या, आणि केतकीकडं बघायचं टाळून त्यांनी आवाज थोडा कमी केला.